आमच्या वार्ताहरावर

खारेगावात राहायला आलो तेव्हा आमच्या गॅलरीतून खाडीचा एक तुकडा दिसायचा. आता समोर उंच इमारत आलीय, त्यामुळे खाडी बघायची तर खाली उतरून बायपासच्या पुलापर्यंत चालत जावं लागतं. मी रोज सकाळी जाते. तिवरं, ओहोटीला उघडा पडलेला काळा चिखल, त्यात उभे बगळे. पुलावरून नाशिककडे ट्रेलर गेला की पायाखालचं काँक्रीट थरथरतं.

पूर्वी हे माझ्यासाठी नुसतं पाणी होतं. मग डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाच्या तपासात बातमी आली की, एका आरोपीच्या सांगण्यानुसार पिस्तुलं सुटी करून ठाण्याजवळच्या खाडीत टाकण्यात आली. खाडीचं नाव छापलं होतं, खारेगाव. मी पेपर खाली ठेवला आणि तशीच, चहा अर्धा टाकून, पुलावर गेले. काय बघायला गेले होते कुणास ठाऊक. पाणी नेहमीसारखंच होतं. पुढे सीबीआयने परदेशी पाणबुडे आणि यंत्रं आणून शोध घेतला. मार्च २०२० मध्ये एक पिस्तूल मिळाल्याचं छापून आलं, आणि काही दिवसांत टाळेबंदी लागली. खुनाला तेव्हा साडेसहा वर्षं होऊन गेली होती.

दाभोलकरांना लोक अंधश्रद्धा निर्मूलनासाठी ओळखतात. मी त्यांना संपादक म्हणूनही मोजते. साने गुरुजींनी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाचं संपादकपद त्यांनी १९९८ पासून सांभाळलं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर फिरायला निघालेल्या या माणसाला गोळ्या घातल्या. निकाल लागला १० मे २०२४ ला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिलं की खरा सूत्रधार दुसराच कुणी आहे आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यात पुणे पोलीस आणि सीबीआय दोघेही कमी पडले. जवळजवळ अकरा वर्षांनी कोर्टच सांगतं की ज्याने हे करवलं तो बाहेर आहे. हे वाक्य मी त्या दिवशी तीनदा वाचलं.

मी १९८९ ते २०१६ एका मराठी दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर काम केलं. तेव्हा ठाणे जिल्हा म्हणजे तलासरीपासून अंबरनाथपर्यंत, पंधरा तालुके. पालघर वेगळा झाला तो ऑगस्ट २०१४ मध्ये. प्रत्येक तालुक्याला आमचा एक वार्ताहर. सुरुवातीला बातम्या एसटीच्या कंडक्टरबरोबर पाकिटातून यायच्या, नंतर एसटीडी बूथवरून फोनवर, मग फॅक्सने. रिसीव्हर खांद्यात धरून मी न्यूजप्रिंटच्या चिठोऱ्यांवर भराभर लिहून घ्यायचे. आम्ही एकमेकांना तालुक्याच्या नावानेच हाक मारायचो. 'बोला वाडा', 'शहापूर, आज काही?', 'जव्हारचा फोन लागला का?' नावं महिनाअखेरीला मानधनाच्या कागदावर दिसायची.

मानधन कॉलम-सेंटीमीटरवर. छापून येईल तेवढं मोजायचं, आणि त्यातून पेट्रोलसुद्धा निघायचं नाही. वार्ताहराचं घर चालायचं दुसऱ्या कशावर तरी. कुणी शिक्षक, कुणाचं किराणा दुकान, कुणाकडे विम्याची एजन्सी. आणि वर जाहिराती. वर्धापनदिनाच्या पुरवणीला प्रत्येक तालुक्याने ठरलेल्या रकमेच्या जाहिराती आणायच्या. तालुक्यात जाहिरात देणारे कोण असतात? ठेकेदार, बिल्डर, सभापती, पतपेढीचा अध्यक्ष. म्हणजे ज्याच्यावर बातमी लिहायची त्याच्याच दारात डिसेंबरात पावतीपुस्तक घेऊन जायचं. सत्तावीस वर्षं हे मी बघितलं. शहरातल्या पत्रकाराला ही अडचण कळतच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कळत असती तर 'ग्रामीण भागातले पत्रकार पाकिटं घेतात' असं त्यांनी एवढ्या सहज म्हटलं नसतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. तो आमचा एक वार्ताहर. त्याचा तालुका लिहीत नाही, कारण पुढे येईलच.

२०१० चा फेब्रुवारी. त्याच्या भागात नदीतून रात्रीचा रेती उपसा चालायचा. सक्शन पंप लावून. इथे आमच्या रेतीबंदरावरही आयुष्यभर रेतीच पाहिली असल्याने मला ते धंद्याचं गणित माहीत होतं. लिलाव एवढ्या ब्रासचा, पावत्या तेवढ्याच ब्रासच्या आणि प्रत्यक्ष रेती त्याच्या कितीतरी पट. लिहितात सगळे, पण लिहायचे कसं? 'रेतीमाफियांचा धुमाकूळ, प्रशासन झोपेत.' याने तसं केलं नाही. पुलाजवळच्या बंद टपरीच्या मागे तो तीन रात्री बसला. मुलीच्या जुन्या वहीत डंपरचा नंबर आणि वेळ लिहून काढली. पहिल्या रात्री एकतीस, दुसऱ्या रात्री चव्वेचाळीस, तिसऱ्या रात्री अडतीस. मग तहसील कचेरीतून त्या तीन दिवसांच्या वाहतूक पासांचा आकडा काढला. सगळे मिळून सतरा. बातमी सांगताना तो म्हणाला, "ताई, विशेषणं टाकू नका हां. आकडेच पुरे आहेत."

इतकी स्वच्छ बातमी मी डेस्कवर फार थोड्या वेळा घेतली असेल. ठेकेदाराचं नाव तिसऱ्या परिच्छेदात होतं. रात्री साडेनऊला वरून निरोप आला की नाव काढा, पुरवणीत अर्धं पान जाहिरात आहे त्यांची. मी काढलं. 'एका ठेकेदाराने' केलं. पान सुटलं.

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याला म्हटलं, जागा कमी होती. त्यालाही कळलं, मलाही कळलं. पण तालुक्यात नाव छापायची गरज नसते, सगळ्यांना माहीत असतं. झालं एवढंच की धमकीचा फोन आला तेव्हा ठेकेदाराला एक गोष्ट समजली होती. या माणसाच्या मागे त्याचा पेपर उभा नाही.

धमकीची तक्रार द्यायला तो गेला. एनसी लिहून घेतली. अदखलपात्र. हातात एक चिठ्ठी. आठवड्याने त्याच्या मोटरसायकलची दोन्ही चाकं फाडली, पुन्हा एनसी. मार्चमध्ये रात्री घरी येताना चौघांनी अडवून रॉडने मारलं. डावा हात दोन ठिकाणी मोडला, कानामागे सात टाके पडले.

मला फोन आला तो दवाखान्यातून, रात्री दहाच्या पुढे. कम्पाउंडरने फोन लावून दिला होता. मी काही विचारायच्या आत त्याने नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "ताई, लिहून घ्या. डेटलाइन टाका. आमच्या वार्ताहरावर काल रात्री..." मी म्हटलं, काल नाही, आज. तो म्हणाला, "अंक उद्याचा ना, मग काल." स्वतःला पडलेला मार तो तिसऱ्या पुरुषात सांगत होता. पाच ओळी. आकडे, वेळ, जागा. विशेषण एकही नाही.

मी ती तशीच उतरवली आणि पुढे दिली. दहा मिनिटांत परत आली. 'आमच्या' शब्दाभोवती लाल गोल. मला समजावून सांगण्यात आलं की तो आपला कर्मचारी नाही, मानधनावर आहे, उद्या हेच कात्रण घेऊन कामगार न्यायालयात उभा राहिला तर? समजावणारा माणूस वाईट नव्हता, त्यालाही वर कुणीतरी होतंच. मी 'आमच्या वार्ताहरावर' खोडलं आणि 'एका स्थानिक पत्रकारावर' लिहिलं. आतलं पान, सिंगल कॉलम.

पुढचं मला बऱ्याच दिवसांनी कळलं. तो जबाब द्यायला गेला तेव्हा अधिकाऱ्याच्या टेबलावर आमचाच अंक होता. अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्ही यांचे पत्रकार म्हणता, पेपर तर म्हणतो कुणी एक स्थानिक." त्याच्या खिशात आमचं ओळखपत्र होतं. त्याने ते काढून दाखवलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

गुन्हा नोंदवला गेला. चहाच्या टपरीवाल्याने आधी दोघांना ओळखलं होतं, नंतर अंधार होता म्हणाला. वर्षभराने 'अ समरी' झाली. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, 'अ समरी' म्हणजे गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडत नाहीत म्हणून फाइल बंद करण्याची परवानगी. खोटी तक्रार असेल तर 'ब'. म्हणजे सरकारदप्तरी आजही हे मान्य आहे की त्याला मारलं. फक्त मारणारं कुणी नाही.

त्याने लिहिणं सोडलं. झेरॉक्स आणि सातबाऱ्याचे उतारे काढून देण्याचं दुकान टाकलं. त्याच्या जागी जो आला तो क्रीडास्पर्धा आणि हळदीकुंकवाच्या बातम्या नियमित पाठवायचा.

जून २०११ मध्ये, ११ तारखेला, शनिवारी दुपारी ज्योतिर्मय डे यांना पवईत दुचाकीवरून आलेल्यांनी गोळ्या घातल्या. 'मिड-डे'चे गुन्हे पत्रकारितेतले मोठे नाव. आमच्या डेस्कवर त्या दिवशी कुणी जेवलं नाही. पत्रकार रस्त्यावर उतरले, मंत्रालयापर्यंत आवाज गेला, त्याच महिन्यात अटका झाल्या. छोटा राजनला २०१५ मध्ये इंडोनेशियातून आणलं गेलं आणि मे २०१८ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने त्याच्यासह नऊ जणांना जन्मठेप दिली. एका महिला पत्रकारालाही त्यात आरोपी केलं होतं, तिची निर्दोष सुटका झाली. पण त्याआधी तिने तुरुंग पाहिला, आणि तेही या हिशेबात धरायला हवं. सात वर्षं लागली तरी सुपारी देणाऱ्यापर्यंत कायदा पोहोचला, असं हे विरळ प्रकरण आहे. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालात आकडा आहे, २००६ पासून जगभरात झालेल्या पत्रकारांच्या खुनांपैकी ८५ टक्क्यांचा छडा लागलेला नाही. दर २ नोव्हेंबरला ही दंडमुक्ती संपवण्यासाठी आंतरराष्ट्रीय दिन पाळतात. २०१३ मध्ये त्या तारखेला मालीत दोन फ्रेंच पत्रकारांना पळवून मारलं होतं. आपल्याकडे त्या दिवशी बहुधा दिवाळी असते किंवा तिची झोप.

आपला दिवस ६ जानेवारी. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं तो. बाळशास्त्री देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. माझं सासर राजापूर तालुक्यातलं, म्हणजे तिथून फार लांब नाही. ६ जानेवारी २०२३ ला ठाण्यातल्या एका कार्यक्रमात मलाही शाल-श्रीफळ मिळालं. बरोबर एक महिन्याने, ६ फेब्रुवारीला, आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, 'राजापूरला पत्रकाराचा अपघात.'

शशिकांत वारिशे. 'महानगरी टाइम्स'साठी लिहायचे. बारसूच्या रिफायनरीबद्दल सातत्याने लिहीत होते. त्याच दिवशी सकाळी त्यांची बातमी आली होती, रिफायनरीचं समर्थन करणाऱ्या एका जमीन व्यावसायिकाबद्दल, ज्याचे फोटो बॅनरवर पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांच्या शेजारी झळकले होते. दुपारी महामार्गावर कोदवलीच्या पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीला एका एसयूव्हीने धडक दिली आणि लांबवर फरफटत नेलं. बातमी ज्याच्याबद्दल होती तोच गाडी चालवत होता, असा आरोप आहे. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात वारिशे गेले.

ग्रुपवरचा तो 'अपघात' शब्द मी कितीतरी वेळ बघत राहिले. पोलिसांनीही आधी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं होतं. खुनाचं कलम लागलं ते पत्रकारांनी आवाज उठवल्यावर. त्याच्या पाच वर्षं आधी, मार्च २०१८ मध्ये, मध्य प्रदेशात भिंडला संदीप शर्मा या पत्रकाराला ट्रकने चिरडलं होतं, तेही रेतीच्या धंद्यावर आणि पोलिसांच्या लाचखोरीवर स्टिंग केल्यानंतर. जिवाला धोका असल्याचं त्यांनी आधीच लेखी कळवलं होतं. गाडीचं एक बरं असतं, मारणाऱ्याच्या दृष्टीने. पिस्तुलासारखी ती खाडीत टाकावी लागत नाही. ब्रेक लागला नाही एवढं म्हणायचं.

त्या वर्षी गणपतीला खोपटहून एसटीने गावी जाताना राजापूर जवळ आलं तशी मी खिडकीशी सरकून बसले. पंप आला आणि गेला. शेजारच्या सीटवरच्या बाईंना मी म्हटलं, इथेच. त्यांनी विचारलं, काय? त्या लांज्याच्या होत्या. सात महिने झाले होते.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा आहे. एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला, देशातला असा पहिलाच, आणि २०१९ मध्ये तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. चांगला आहे. मी त्याच्या बाजूने सह्या गोळा केल्या होत्या. पण मारहाण झालेला माणूस पत्रकार आहे हे आधी कुणीतरी ठामपणे म्हणावं लागतं. ते कोण म्हणणार? मी नाही म्हटलं. माझ्या हातात पेन होतं, शब्द लिहिलेला होता, आणि मी तो खोडला.

पत्रकाराचा खून पचवणारी माणसं एका दिवसात तयार होत नाहीत. आधी एक नाव काढलं जातं, मग एक एनसी फाइलला लागते, मग हात मोडतो आणि कुणालाच काही होत नाही. तालुक्यातला प्रत्येक जण हे बघत असतो, पुढच्या वेळचा ठेकेदारसुद्धा. खुनाच्या याद्या निघतात, त्या निघायलाच हव्यात. पण माझ्या ओळखीतल्या लिहिणं सोडलेल्यांची यादी मी परवा करायला बसले तर पंधरा तालुक्यांत मला नऊ जण आठवले, आणि त्यांतला एकही कुठल्या अहवालात नसेल.

गौरी लंकेश यांचा खून झाला ५ सप्टेंबर २०१७ ला, बंगळुरूत त्यांच्या घराच्या दारात. अठरा आरोपी, पाचशेहून जास्त साक्षीदार, खटला उभा राहायलाच २०२२ उजाडलं. तो लांबल्यामुळे आरोपी एकेक करून जामिनावर बाहेर आले. जामीन हा त्यांचा हक्क आहे आणि दोष सिद्ध झालेला नाही, हे मी मान्य करते. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांतल्या दोघांचं विजयपुरात हार घालून, शाल पांघरून स्वागत झालं. तो फोटो बघितला आणि कपाटातली माझी ६ जानेवारीची शाल मी बाहेर काढली. रंग वेगळा आहे, पण घडी तशीच. तेव्हापासून ती मला अंगावर घेववत नाही.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा आधी त्याला फोन केला. चौदा वर्षांत आमचं बोलणं दिवाळीच्या शुभेच्छांपुरतंच राहिलं होतं. मी म्हटलं, 'आमच्या' शब्द मी काढला होता, वरच्यांनी सांगितलं तरी हात माझा होता. तो म्हणाला, "माहीत आहे ताई, तुमचं अक्षर ओळखतो मी." मला कळेना, छापलेल्या अंकात अक्षर कुठून आलं. मग लक्षात आलं. मीच त्याला मूळ चिठोरं पाठवलं होतं, हॉस्पिटलच्या खर्चाच्या अर्जाला जोडायला, आणि त्यावर ती खाडाखोड तशीच होती. अर्ज नामंजूर झाला होता. चिठोरं त्याने ठेवलं होतं, पण २०१९ च्या जुलैत नदीचं पाणी दुकानात शिरलं त्यात गेलं.

"लिहा तुम्ही," तो म्हणाला. "तालुका फक्त नको. मोठी इथल्याच शाळेवर लागलीय. संस्थेवर आता त्यांचा मुलगा आहे."

ज्या मुलीच्या वहीत डंपर लिहिले होते, ती ही. मी हो म्हटलं.

फोन ठेवण्याआधी मी विचारलं, गाड्या अजून जातात का पुलावरून. "आता कोण मोजतंय ताई," तो म्हणाला. मग जरा वेळ काहीच बोलला नाही, मागे झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता.

"काल अकरा गेल्या," तो म्हणाला.